मेहुण्यासाठी हुलगे

मेहुण्यावर सूड उगवायचा, हे मी मलकापूरला, सासुरवाडीच्या यात्रेत, भर पंगतीत ठरवलं. त्याचा राग त्याआधीही बऱ्याचदा आला होता. त्या दिवशी रागाला मुदत मिळाली, आणि ती मेहुण्यानेच घालून दिली.

मी सांगलीत एका वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक होतो. आमची पानं सांगलीत लागायची, म्हणजे जुळवली जायची, ती बंद झाली आणि दुसऱ्या शहरात लागू लागली. कार्यालयात एक वार्ताहर आणि एक जाहिरातवाला उरला. मी उरलो नाही. बायको मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. घरात आम्ही दोघंच. दुसरं काही मिळेपर्यंत तिच्या पगारात भागवायचं असं ठरलं. तिने नोकरी करायची, बाजार आणि स्वयंपाक मी बघायचा. भांडणाशिवाय ठरलेली आमच्या घरातली ही बहुधा एकमेव गोष्ट.

माझं गाव जत तालुक्यात. आमच्या पिढ्या मेंढरांमागे गेल्या, शेती नंतर आली. सासुरवाडी कराडला लागून, उसाची. लग्नात हा फरक कोणी बोलून दाखवला नाही, कारण तेव्हा मला नोकरी होती. नोकरी गेल्यावर तो फरक पुन्हा दिसायला लागला.

आमच्या भागात आग्रह हा यजमानाचा हक्क असतो. वाढणाऱ्याने वाढायचं, जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरायचा, वाढणाऱ्याने तो बाजूला सारायचा. पानात पडलेलं टाकून उठणं म्हणजे त्या घराचा अपमान. माया असेल तिथे हा नियम गोड वाटतो. माया नसेल तिथेही तो तितकाच लागू असतो.

त्या दिवशी मेहुणा स्वतः रश्श्याची बादली घेऊन वाढत आला. माझ्यासमोर थांबला आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "दाजी, हात आखडू नका. खावा. सांगलीला आता हुलगंच खाताय म्हणं, बैलावानी."

पंगत हसली.

"आन् भाजीला बाजार उठल्यावर जाता म्हणं? मग बाजार झाडून बी घेत्यात का वो तुमच्याकडनं, का नुसतीच भाजी देत्यात?"

बाजार उठताना मी भाजी घेतो हे बायकोने तिच्या आईला फोनवर सांगितलं होतं. तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, कौतुकाने सांगितलं होतं. मी ताटावर हात आडवा धरला. मेहुण्याने पळीभर रस्सा त्या हातावर ओतला. रस्सा गरम होता, पण भाजेल इतका नव्हता; हे नोंदवून ठेवतो, म्हणजे मी वाढवून सांगतोय असं कोणाला वाटायला नको. पंगत पुन्हा हसली. माझ्या शेजारचे एक वयस्कर पाहुणे तर खोकला लागेपर्यंत हसले.

मग मेहुण्याने बादली खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. "दिवाळीपत्तूर बगतो. न्हाई जमलं तर भाऊबीजेला मी पिकअप घिऊनच येतो. वरची खोली रिकामी हाय. आमच्या ऊसवाहतुकीच्या हापिसात बसायला माणूस पायजेच हाय. आन् हिनं बी नोकरी सोडावी आता. बाईमानसानं रातपाळ्या कशाला कराच्या? काय आबा, बरुबर हाय का न्हाई?"

आबा म्हणजे तेच खोकणारे पाहुणे. ते म्हणाले, "बरुबर हाय."

बायको समोरच्या बायकांच्या पंगतीत होती. परतताना एसटीत म्हणाली, "तो बोलतो तसं. मनावर घ्यायचं नसतं."

"तुझी नोकरी सोडवायला निघालाय तो."

"तो सांगेल. मी सोडते होय?" असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि इस्लामपूर मागे पडल्यावर म्हणाली, "आईसुद्धा तेच म्हणत होती पण."

त्या 'पण'मुळे मला कळलं की धोका खरा आहे. घर कसंबसं चाललंय असं दिसलं, तर एकेक करून सगळेच बोलायला लागतील, आणि शेवटी तीही थकेल. तिची नोकरी जाईल, आमचं भाड्याचं पण स्वतःचं घर जाईल, आणि मी मेहुण्याच्या ऑफिसात बसून रोज त्याच्या हातचं वाढून घेईन. तेव्हा दोन गोष्टी ठरवल्या. दिवाळीपर्यंत घर चोख चालवायचं. आणि भाऊबीजेला मेहुणा येईल, त्याला जेवल्याशिवाय जाता येणार नाही, तेव्हा त्याला हुलगेच घालायचे. उठता येणार नाही इतके.

कामाला लागलो. बातमीसाठी माहिती जमवायचो तशी बाजाराची माहिती जमवली. शनिवारच्या आठवडा बाजारात दिवेलागणीला भाजीवाल्यांचं लक्ष परतीच्या टेम्पोकडे लागलेलं असतं. त्या वेळी वाट्याचा भाव विचारायचाच नसतो. पिशवी उघडी धरून उभं राहायचं; दोन वाटे एकात पडतात. मात्र हे पालेभाजीला आणि वांग्याला चालतं, टोमॅटोला चालत नाही. एकदा उरलेलं टोमॅटोचं क्रेट सबंध उचललं आणि पुढचा आठवडाभर आम्ही टोमॅटोचं सार, टोमॅटोची चटणी आणि टोमॅटो घातलेलं पिठलं खाल्लं. बायको आठवड्याच्या शेवटी म्हणाली, "वॉर्डात पेशंटला सलाईन लावताना मला लाल दिसायला लागलंय."

मुळ्याबरोबर पाला फुकट मिळतो. त्याची पीठ पेरून भाजी होते. फ्लॉवरचे दांडे सोलून परतले तर नवलकोलासारखे लागतात. अख्ख्या शेंगदाण्यापेक्षा फुटका दाणा स्वस्त असतो, आणि कुटायचाच असेल तर फुटका असला म्हणून काय बिघडतं. तासगावच्या बाजूचा बेदाण्याचा चुरा ओळखीच्या अडत्याकडे मिळतो. एकावर एक फुकटवाल्या मोठ्या दुकानात मी फक्त वजनं वाचायला जात असे. तिथली दोन पाकिटं मिळून बहुतेक वेळा पूर्वीचं एक भरत होतं.

तूरडाळ बंद केली. तिच्या जागी मटकी, चवळी आणि हुलगे आणले. काही ठिकाणी हुलग्याला कुळीथ म्हणतात. आमच्याकडे हुलगा म्हटलं की पहिल्यांदा बैल डोळ्यांसमोर येतो, कारण नांगरटीच्या दिवसांत तो भिजवून बैलाला घालतात. जतकडे मात्र माणसंही खातात. त्याच्या पिठाचे शेंगोळे करतात: पीठ मळून, हातावर लांब वळून, कडं करून लसणाच्या उकळत्या आमटीत सोडायचे. लहानपणी मी ते भरपूर खाल्ले होते, केले कधीच नव्हते.

पहिल्या खेपेला सगळे शेंगोळे आमटीत विरघळले. जतला चुलतीला फोन लावला.

"पीठ सैल मळलंस व्हय रं?" तिने विचारलं.

"चपातीसारखं मळलं."

"चपाती हाय व्हय ती? दगडावानी मळ. थोडं जुंधळ्याचं पीठ घाल. आन् आमटीला खळाखळा उकळी फुटल्याबिगर एक बी सोडू नगं."

"आता हे विरघळलंय त्याचं काय करू?"

"खा की. कुनाला दावायचं हाय?"

कोणाला दाखवायचंय ते मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने आणखी मिरची घालायला सांगितली असती. आमचं घराणंच तसं आहे.

पुढे शेंगोळे जमले. बायकोला आवडलेही. पण माझं लक्ष तिच्या ताटाकडे कमी असायचं. कढईतला प्रत्येक बेत मी मनात मेहुण्याच्या ताटात वाढून बघायचो. मुळ्याच्या पाल्यावर तो काय तोंड करेल, कण्या बघून काय म्हणेल. जोंधळ्याच्या भरड्याला कण्या म्हणतात. शिजवून ताकाबरोबर खातात. पोटात गेल्यावर त्या फुगतात, ही गोष्ट मला विशेष पसंत पडली.

गणपतीच्या आधी मेहुण्याच्या ड्रायव्हरने साखरेचं पोतं आणून दारात ठेवलं. कारखान्याची सभासदाला मिळते ती साखर. सोबत निरोप होता, "दाजींना म्हणावं, चहा तरी ग्वाड करा."

मी पोतं परत न्यायला सांगितलं. बायको ड्युटीवरून येऊन नुकतीच टेकली होती. ती उठून दारात आली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "ठेव तिथं." मग माझ्याकडे वळली. "माझ्या माहेरची साखर आहे ती. तुमचं काय भांडण असेल ते तुम्ही भांडा."

तेव्हापासून आमच्या घरात दोन चहा होऊ लागले. तिचा साखरेचा, माझा गुळाचा. गुळाचा चहा चुकीच्या वेळी दूध घातलं तर फाटतो. माझा बऱ्याचदा फाटायचा. मी तो तसाच प्यायचो आणि ती बघायची.

दिवाळीपर्यंत घर चाललं. उधारी झाली नाही, ती उपाशी ड्युटीवर गेली नाही, तिचा डबा बघून सोबतच्या परिचारिका पाककृती विचारू लागल्या. यावर मी समाधानी व्हायला हरकत नव्हती, पण झालो नाही. मला मेहुणा पाहिजे होता.

भाऊबीजेचा बेत मी तिला सांगितला: शेंगोळे, भाकरी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, ठेचा, ताकातल्या कण्या आणि गोडाला हुलग्याचं माडगं. भाजलेल्या हुलग्याच्या पिठाची गूळ घालून केलेली पेज म्हणजे माडगं.

तिने ऐकून घेतलं. "माडगं आजारी माणसाला देतात. माझा भाऊ जेवायला येतोय, ॲडमिट व्हायला नाही."

"त्याला मी हुलगेच घालणार आहे."

"का ते कळतं मला. मी होते तिथं पंगतीत." मग ती म्हणाली, "भाऊबीज माझी आहे. वर्षातून एक दिवस येतो तो माझ्यासाठी. त्या दिवशी तरी सूड नको. शेंगोळे करा, मी काही म्हणत नाही, चांगले होतात. पण लाडू मी करणार. आणि आग्रह करायचा नाही."

मी कबूल केलं. पाळायचा विचार नव्हता. मेहुणा जेवायला बसल्यावर त्याला म्हणायचं एक वाक्यही मी तयार करून ठेवलं होतं. बातमीचा मथळा करावा तसं घासून घासून आटोपशीर केलं होतं.

भाऊबीजेला सकाळी पिकअप दारात उभी राहिली. हौद्यात दोरखंड आणि ताडपत्री होती. म्हणजे तो पंगतीत नुसतं बोलला नव्हता. शेजारणी गॅलरीत आल्या. मेहुणा उतरला, मागून त्याची बायको. माझ्या बायकोने भावाला ओवाळलं, त्याने ताटात पाकीट आणि साडी ठेवली. मग उठून तो घरभर फिरला.

"कपाट दोघांत उचलंल," तो म्हणाला. "फ्रिज तेवढा उभाच न्यावा लागंल."

"पाव्हणं, आधी जेवा," मी म्हणालो.

"जेवतो की. घाई काय हाय. फ्रिजमधलं काडून घ्या तवर."

स्वयंपाकघरात मी आमटीला उकळी आणत होतो आणि बायको ताटं पुसत होती. वहिनी, म्हणजे मेहुण्याची बायको, दारात येऊन उभी राहिली. कढईत डोकावली आणि अगदी सहज म्हणाली, "वन्सं, यांना जरा कमीच वाढा बरं का. पेठ नाक्यावर दोन मिसळ खाल्ल्यात त्यांनी."

बायकोने ताट खाली ठेवलं. "आज? जेवायला येताना?"

"मी म्हणलं, आवं, भाऊबीजेच्या जेवणाला चाललोय, हितं कशाला? तर म्हणले, तिकडं काय मिळंल न मिळंल. पोट भरून गेल्यालं बरं."

वहिनीने हे भोळेपणाने सांगितलं की ठरवून, ते मला आजही सांगता येत नाही. तिचा चेहरा पूर्ण कोरा होता. संसार करून करून काही बायकांना असा चेहरा जमतो.

बहिणीच्या घरी भाऊबीजेला पोट भरून जायचं, हे आमच्याकडे शत्रूही करत नाही. बायको काही क्षण ओट्याला हात टेकून उभी राहिली. तिच्या तोंडून 'दादा' एवढा शब्द अर्धवट आला. मग तिने माझ्या हातातली पळी काढून घेतली.

"तुम्ही बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसा," ती म्हणाली. "आणि सावकाश जेवा."

"आग्रह करायचा नाही म्हणाली होतीस."

"मी म्हणाले होते. सावकाश जेवा म्हटलं ना."

ती काय म्हणतेय ते माझ्या लक्षात आलं. पंगतीतून एकट्याने उठायचं नसतं. शेजारचा जेवत असेपर्यंत बसून राहायचं असतं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि मी मनात आणलं तर फार सावकाश जेवू शकतो.

तिने भावाच्या ताटात पहिल्या वाढीलाच शेंगोळ्यांचा ढीग घातला. मेहुण्याने एक तोंडात टाकला आणि चावता चावता थांबला.

"हे हुलगं न्हवं का?"

"व्हय," ती म्हणाली. सांगलीत इतकी वर्षं राहून तिची बोली बदलली होती; त्या दिवशी ती परत आली. "बैलावानी खातो आमी. तूच म्हणला हुतास की, यात्रंत. खा."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली बघून चावत राहिलो. त्याने पहिली वाढ संपवली. माणूस तगडा आहे, आणि शेंगोळे खरंच चांगले झाले होते. दुसऱ्या वाढीला त्याने ताटावर हात आडवा धरला. तिने तो हात मनगटाला धरून बाजूला केला. परिचारिकेच्या हाताला जोर असतो.

"आता ओवाळलंय तुला. आन् लगीच न्हाई म्हणतोस?"

"लय झालं गं बाई."

"लय कुठं? बैल एवढ्यावर उठतो व्हय?"

दारात उभ्या वहिनीने पदर तोंडाला लावला.

तिसऱ्या वाढीला त्याच्या कपाळावर घाम आला. चौथ्याला त्याने पँटचा पट्टा सैल केला. मग कण्या आल्या, ताकासकट, वाडगाभर. मग पाल्याची भाजी, "तोंडाला चव येईल" म्हणून. एकेक घास बत्तीस वेळा चावावा असं शाळेत शिकवलं होतं, त्याचा उपयोग पहिल्यांदाच होत होता. मेहुणा दोनदा अर्धवट उठला, माझ्या ताटाकडे पाहून पुन्हा बसला.

"दाजी, आटपा की," तो शेवटी म्हणाला.

"जेवताना घाई करू नये," मी म्हणालो.

माझं तयार वाक्य दुसरं होतं. ते म्हणायची जागाच आली नाही. बायको आत-बाहेर करत होती आणि बोलायचं ते सगळं तीच बोलत होती. शेवटी ती लाडूंचं ताट घेऊन आली. मेहुण्याने हात जोडले. भर पंगतीत माझ्या हातावर रस्सा ओतणाऱ्या माणसाने माझ्या घरात हात जोडलेले मी पाहिले, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. पुढे कधी वाटेल असंही वाटत नाही.

तिने लाडू त्याच्या हातात दिला नाही. ताट घेऊन त्याच्या समोर बसली.

"पेठ नाक्याची मिसळ कशी हुती?" तिने विचारलं.

मेहुण्याने स्वतःच्या बायकोकडे पाहिलं. वहिनी छताकडे पाहत होती.

"दादा, मला घर चालवता येत न्हाई म्हणून तू जेवून आलास. ह्यांना नोकरी न्हाई, मला हाय. मी ती सोडणार न्हाई. हे मी एकदाच सांगते."

यावर मेहुणा काय म्हणतो याची मी वाट पाहत होतो. पण त्याला बोलण्याइतकी जागा पोटात उरली नव्हती. त्याने मान हलवली आणि भिंतीला टेकून बसला. मग आडवा झाला. दुपार सगळी तो आमच्या बाहेरच्या खोलीत, जे कपाट तो दोघांत उचलणार होता त्याच्याच पायथ्याशी, कुशीवर पडून होता. मधूनच सोडा मागायचा. बायको लिंबू पिळून द्यायची. तिने त्याचं पोट तपासलं आणि काही विशेष नसल्याचं सांगितलं. ती ड्युटीवर पेशंटशी बोलते त्याच आवाजात बोलत होती.

उन्हं कलल्यावर तो उठला. चहा नको म्हणाला. पायात चपला घालताना, कोणाकडेच न बघता म्हणाला, "वरच्या खोलीला एक भाडेकरू इचारत हुता."

"दे त्याला," बायको म्हणाली.

पिकअप रिकामी परत गेली. वहिनीने खिडकीतून हात केला, मेहुण्याने केला नाही. गॅलरीतून एका शेजारणीने विचारलं, "सामान न्यायला आलते का भाऊ?"

"न्यायला आला होता," बायको म्हणाली. "जेवून गेला."

आत येऊन ती ओट्याशी उभी राहिली आणि कढईतले उरलेले शेंगोळे तशीच, ताट न घेता खाऊ लागली. ती सकाळपासून उपाशी होती हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हणालो की बसून खा. ती बसली नाही.

"तुमचं झालं ना समाधान?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. ते खरं होतं.

"माझा भाऊ पुढच्या वर्षी येईल का, याचं काही सांगता येत नाही," ती म्हणाली आणि पुढचा शेंगोळा उचलला. "मीठ थोडं कमी पडलंय."